ऑक्सफर्डचा कोश आणि जुनी नियतकालिके: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'ची ऑनलाइन वर्गणी मी आषाढात घेतली, ती केवळ एका शब्दासाठी. एकोणिसाव्या शतकातील विज्ञानविषयक इंग्रजी निबंधांचा मराठी अनुवाद करताना १८२० च्या आसपासच्या लेखकांना मी सरसकट 'शास्त्रज्ञ' म्हणत होतो, आणि ते लोक स्वतःला 'सायंटिस्ट' म्हणवत असत का, हे तपासायचे होते. काम महिनाभरात संपेल असे वाटले होते. आता चैत्र उजाडला आहे, वर्गणी चालूच आहे आणि माझी वापरण्याची रीत पार बदलली आहे. आता मी कोशातली नोंद एका खिडकीत उघडतो आणि तिच्यात उल्लेखिलेल्या नियतकालिकाचे मूळ पान, 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या मोफत संग्रहातून, शेजारच्या खिडकीत. या जोडीने वापरला तरच हा कोश आपली किंमत वसूल करून देतो, असे माझे मत झाले आहे.

कोशाची रचना जाणकारांना ठाऊक असेल. प्रत्येक अर्थाखाली छापील अवतरणे कालक्रमाने मांडलेली असतात आणि सर्वांत जुने अवतरण वर असते. प्रगत शोधात एखाद्या नियतकालिकाचे नाव देऊन केवळ त्यातली अवतरणे मागता येतात, आणि माझे निम्मे तास याच सोयीने खाल्ले. या कोशात सर्वाधिक अवतरणे शेक्सपिअरची असतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो मान लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्राचा आहे आणि शेक्सपिअर त्याच्या मागे आहे. आद्य संपादकांपैकी जेम्स मरे यांना वर्तमानपत्रांतील वाक्ये घेतल्याबद्दल बोलणी खावी लागली होती, थोर ग्रंथकार असताना रोजची रद्दी कशाला, असा आक्षेप होता. मरे बधले नाहीत, हे आपले भाग्य.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले: 'सायंटिस्ट', १८३४, 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'. मेरी सॉमरव्हिल यांच्या भौतिक विज्ञानांवरील ग्रंथाचे ते परीक्षण. लेखक केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल, पण त्या काळच्या प्रथेप्रमाणे निनावी. इंटरनेटवर अनेक ठिकाणी असे वाचायला मिळते की एका स्त्रीसाठी 'मॅन ऑफ सायन्स' हे शब्द चालेनात, म्हणून ह्यूएल यांनी हा शब्द घडवला. गोष्ट गोड आहे, परंतु मूळ पान उघडले की ती टिकत नाही. ह्यूएल तिथे ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानप्रसारक संस्थेच्या सभांमधली अडचण सांगत आहेत: विज्ञानाच्या शाखा इतक्या फुटल्या की त्या साऱ्यांच्या अभ्यासकांना मिळून एक नाव उरले नाही, 'फिलॉसॉफर' फार भारदस्त वाटते, फ्रेंच 'साव्हां' परके वाटते, तेव्हा कुणा कल्पक गृहस्थाने 'आर्टिस्ट'च्या धर्तीवर 'सायंटिस्ट' सुचवले, पण ते मंडळींना फारसे रुचले नाही. ते कल्पक गृहस्थ बहुधा ह्यूएल स्वतःच. म्हणजे हा शब्द छापात प्रथम आला तोच नापसंतीच्या शेऱ्यासह, आणि कोशातले एक वाक्य वाचून हा सूर कळत नाही. त्याच १८३४ साली मायकेल फॅरडे यांनी रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकात 'ॲनोड', 'कॅथोड' आणि 'आयन' हे शब्द वापरले, तेही ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करूनच. ते मात्र विनातक्रार रुजले.

'सायंटिस्ट'वरची कुरकुर साठ वर्षे चालली. १८९४ मध्ये 'सायन्स-गॉसिप' या मासिकाने नामवंतांची मते मागवली, तेव्हा जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी उत्तर दिले की इंग्रजी भाषेची चाड असणाऱ्याला हा शब्द 'इलेक्ट्रोक्युशन'इतकाच गोड वाटेल. विजेने देहदंड देण्यासाठीचा तो शब्द अमेरिकेत नुकताच निघाला होता. गंमत अशी की हक्सली स्वतः एका नव्या शब्दाचे जनक होते. 'अ‍ॅग्नॉस्टिक' (अज्ञेयवादी) हा शब्द त्यांनी १८६९ मध्ये मित्रमंडळीत तोंडी सुचवला, परंतु तो लोकांपुढे नेला 'स्पेक्टेटर' साप्ताहिकाने, आणि हक्सलींनी पुढे १८८९ मध्ये एका मासिकात लिहिताना त्याचे श्रेय 'स्पेक्टेटर'ला मोकळेपणाने दिले. आपण घडवलेला शब्द रुचतो आणि दुसऱ्याचा खुपतो, हे मराठीतल्या परिभाषा समित्यांचे इतिवृत्त वाचलेल्या माणसाला नवे नाही.

सगळेच शब्द असे भांडत आले नाहीत. 'फोक-लोअर' (लोकविद्या) हा शब्द विल्यम जॉन थॉम्स यांनी २२ ऑगस्ट १८४६ च्या 'अथीनियम' साप्ताहिकात, ॲम्ब्रोज मर्टन या टोपणनावाने, अस्सल सॅक्सन घडणीचा म्हणून सरळ सादर केला. 'टेलिग्राम'ची सूचना १८५२ मध्ये अमेरिकेतील आल्बनीच्या एका सायंदैनिकाने छापली. पाच वर्षांनी 'द टाइम्स'मध्ये ग्रीकच्या पंडितांनी त्याची व्युत्पत्ती अशुद्ध ठरवली, तोवर लोक तारा करून मोकळे झाले होते. 'सफ्रजेट' हा 'डेली मेल'ने १९०६ मध्ये मताधिकाराच्या चळवळीतल्या स्त्रियांना हिणवण्यासाठी काढलेला शब्द, आणि १९१२ मध्ये त्याच स्त्रियांनी तो आपल्या साप्ताहिकाच्या माथ्यावर मिरवला.

मूळ पान पाहण्याचा सर्वांत मोठा लाभ मला 'कार्टून'पाशी झाला. इटालियन 'कार्तोने' म्हणजे जाड कागद, त्यावरून चित्राचा पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा. १८३४ मध्ये जळालेल्या पार्लमेंटच्या नव्या इमारतीतील भित्तिचित्रांसाठी असे आराखडे १८४३ मध्ये प्रदर्शनात मांडले होते. त्याच वर्षी जुलैत 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने जॉन लीच यांचे चित्र 'कार्टून क्रमांक १' म्हणून छापले: फाटक्या कपड्यांतले गरीब भिंतीवरच्या श्रीमंती तसबिरी पाहत उभे आहेत. भाकरी मागणाऱ्यांना सरकार प्रदर्शन देते, हा टोमणा. हे चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'आराखडा' या अर्थाचे 'व्यंगचित्र' कसे झाले, हे उलगडत नाही.

आता उणिवा. कोशातले पहिले अवतरण म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, फक्त तोपर्यंत सापडलेला सर्वांत जुना छापील पुरावा, आणि तो मागे सरकत राहतो. तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू असल्याने सर्व नोंदी अजून सुधारलेल्या नाहीत. नोंदीच्या सुधारणेची तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी. अठराव्या शतकातील पानांच्या स्कॅनमध्ये त्या काळच्या छपाईतले लांब 'एस' (ſ) हे अक्षर यंत्राला 'एफ' वाटते, म्हणून शोध फसतो. जोनाथन स्विफ्ट यांनी १७१० मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकात 'मॉब', 'बँटर' आणि 'बॅम्बूझल' या बोलीतल्या नव्या शब्दांवर झोड उठवली होती (ज्यांना ते गाडू पाहत होते, त्यांचाच पुरावा त्यांनी जपून ठेवला!), तो अंक मी अखेर पाने उलटूनच काढला. एका सशुल्क संग्रहाने, ज्याचे नाव घेत नाही, मासिकाच्या साऱ्या खंडांवर पहिल्याच खंडाचे साल चिकटवले होते. १८३८ सालचा 'टेलिग्राम' सापडला म्हणून मी दोन दिवस हवेत होतो, आणि मग तो खंड १८६० नंतरचा निघाला. ती वर्गणी मी बंद केली.

'मॅगझिन' या शब्दाची नोंद मात्र प्रत्येकाने वाचावी. मूळ अरबी 'मख्झन', म्हणजे कोठार. आपला 'खजिना' याच धातूचा. एडवर्ड केव्ह यांनी १७३१ मध्ये लंडनमध्ये 'जंटलमन्स मॅगझिन' काढले आणि कोठाराचे मासिक झाले. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात या नव्या अर्थाची नोंद करताना केव्ह यांच्याच मासिकाचे नाव दिले आहे. त्या मासिकात जॉन्सन यांनी उमेदवारीच्या काळात नोकरी केली होती.

अनुवादाच्या हस्तलिखितात १८३४ पूर्वीच्या लेखांतले 'शास्त्रज्ञ' मी खोडले आणि तिथे कुठे 'निसर्गतत्त्वज्ञ', कुठे 'विज्ञानाचे अभ्यासक' असे लिहिले. ही दुरुस्ती एकंदर अडतीस ठिकाणी झाली. हक्सलींच्या लेखात काय करावे, हे अजून ठरलेले नाही.