हाऊस बॅटऱ्या बदलून आठ महिने झाले: बॅटरीपेक्षा बसवणंच महागात जातं

आमच्या मोटारहोममध्ये दिवे, फ्रिज वगैरे चालवणाऱ्या (म्हणजे हाऊस) बॅटऱ्या दोन होत्या: 100 अँपिअर-अवर क्षमतेच्या एजीएम, म्हणजे शिसं-आम्लाच्याच पण बंदिस्त. कागदावर 200, पण शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी खरे 100च. चौथ्या वर्षी रात्री दहाला भरलेल्या बॅटऱ्या पहाटे 11.8 व्होल्टवर दिसायला लागल्या आणि फ्रिज कुरकुरायला लागला. त्या जागी तेवढ्याच क्षमतेच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या टाकल्या. त्याला आता आठ महिने झाले.

बॅटरी निवडायला दोन संध्याकाळी पुरल्या. कोटेशनशी मात्र तीन आठवडे झुंजलो. पहिल्याच कोटेशनमध्ये मजुरी आणि जोडसामान मिळून आकडा बॅटऱ्यांच्या किमतीच्या वर गेला होता. आधी वाटलं, हा लुटतोय. मग एकेक ओळ घेऊन बसलो, तेव्हा कळलं की काही ओळी अगदी रास्त होत्या आणि काही निव्वळ सवयीने लिहिलेल्या.

रास्त ओळींत पहिला डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरची (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राची) वीज बेताने बॅटरीला देणारा. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी की रिकामी बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असेल तर अल्टरनेटरला वारा कमी आणि भार पूर्ण, मग तो तापून जळू शकतो. मी 30 अँपिअरचा घेतला. दोन तास गाडी चालवली की साधारण 60 अँपिअर-अवर परत येतात, आमची रोजची गरज 80ची. दुसरी रास्त ओळ मुख्य फ्यूजची. शॉर्ट झालं तर या बॅटऱ्या हजारो अँपिअर सोडतात. तो प्रवाह साध्या फ्यूजने तुटेलच असं नाही, म्हणून क्लास-टी फ्यूज, तोही पॉझिटिव्हच्या टोकाशी शक्य तितका जवळ. इथे काटकसर करू नका.

सवयीची ओळ होती ‘चार्जर बदलणे’. आमच्या जुन्या मेन्स चार्जरला (बाहेरच्या विजेवर चालणाऱ्या) एजीएमची सेटिंग आहे: 14.4 व्होल्टपर्यंत भरणं, नंतर 13.6 वर धरून ठेवणं, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन भरणं) नाही. लिथियमला हे चालतं. फक्त त्याचा तापमानाचा सेन्सर काढून टाकला, कारण थंडीत तो व्होल्टेज चढवतो आणि ते लिथियमला नको. तुमच्या चार्जरमध्ये इक्वलायझेशन आपोआप सुरू होत असेल आणि बंद करता येत नसेल, तर मात्र तो बदला. आमचा अख्खा चार्जर वाचला.

शेवटी काम वाटून घेतलं. जुन्या बॅटऱ्या काढणं, पट्ट्यांची चौकट, केबल ओढणं, बॅटरीत किती वीज उरली ते दाखवणारा मॉनिटर बसवणं माझ्याकडे. अल्टरनेटरकडचं टोक, जाड केबलच्या टोकांचे लग (धातूच्या टोप्या) दाबणं आणि शेवटची तपासणी फिटरकडे. 70 चौरस मिलिमीटरच्या केबलवर लग हातोडीने ठोकून बसवणारे मी पाहिले आहेत. 2000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर 175 अँपिअरच्या आसपास खेचतो, तिथे सैल लग म्हणजे शेगडीच. फिटरने हायड्रॉलिक प्रेसने अर्ध्या तासात सगळे दाबून दिले. त्याची मजुरी मला मुळीच खटकली नाही. (याच 175 मुळे बॅटऱ्या दोन लागल्या. एकीचा बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट, 100 अँपिअरवर थांबतो.)

आता माझी चूक. मॉनिटरचा शंट (करंट मोजणारा तुकडा) बॅटरीच्या निगेटिव्हवर बसतो आणि प्रत्येक निगेटिव्ह वायर थेट बॅटरीला न लागता त्याच्या पलीकडच्या टोकालाच लागायला हवी. फ्रिजची जुनी बारीक वायर मी सवयीने सरळ बॅटरीच्या टोकाला लावली. दोन महिने कळलंही नाही, कारण रोज बॅटरी भरली की मॉनिटर पुन्हा 100 वर यायचा. मग अडीच दिवस ढगात एकाच जागी थांबलो. तिसऱ्या रात्री मॉनिटर 55 टक्के दाखवत असताना गाडीत खट्‌कन काळोख. बीएमएसने बॅटरी तोडली होती. फ्रिजने खाल्लेले शंभरेक अँपिअर-अवर मॉनिटरच्या हिशेबातच नव्हते. एजीएम निदान व्होल्टेज उतरवत उतरवत इशारा देते. लिथियम मात्र जवळपास शेवटपर्यंत 13 व्होल्टच्या आसपास राहते आणि मग एकदम कोसळते. वायर हलवायला दहा मिनिटं लागली, बायकोचे टोमणे दोन दिवस चालले.

बाकी सुख आहे. वजन सुमारे 36 किलोंनी उतरलं. सगळ्यात जाणवतो तो भरण्याचा वेग. एजीएम 85 टक्क्यांनंतर तासन्‌तास चघळत बसायची, आणि रोज अर्धवट भरून सोडली की आतल्या पाट्यांवर सल्फेट धरून क्षमता घालवायची. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, अर्धी राहिली तरी कुरकुरत नाही. दुपारी दोनपर्यंत सोलरचं काम संपलेलं असतं.

खटकलेली गोष्ट थंडीची. शून्य अंशाखाली या बॅटऱ्या वीज देतात, पण घेत नाहीत. तेव्हा चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचतं, म्हणून बीएमएस चार्जिंग बंद करतो. एका सकाळी छतावर लख्ख ऊन आणि दहा वाजेपर्यंत चार्जिंग शून्य. आमचा बॅटरीचा कप्पा बाहेरच्या बाजूला आहे, ही गोष्ट कोटेशन वाचताना ना माझ्या लक्षात आली ना फिटरच्या. आतल्या हीटरच्या बॅटऱ्याही मिळतात, पण आता बॅटऱ्या बाकाखाली, गाडीच्या उबेत आणणार आहे. केबल मीटरभर वाढेल. चौकट मी करेन, लग त्याच फिटरकडून दाबून घेईन, आणि फ्रिजची वायर या वेळी बायको तपासणार आहे.