आरजी-२१३ साठी टेफ्लॉनवाला पीएल-२५९: पैसे वसूल

चांदीचा मुलामा, आत पांढरे टेफ्लॉन आणि अंगावर झाळ देण्यासाठी चार भोके, असा हा पीएल-२५९, म्हणजे रेडिओच्या जाड आरजी-२१३ कोअॅक्स केबलच्या टोकाला बसणारा कनेक्टर. दिसायला स्वस्त निकेलवाल्यासारखाच, फरक कळतो तो सोल्डरिंगला. निकेलवर झाळ नीट धरत नाही, म्हणून सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवावी लागते आणि तेवढ्यात साधे प्लास्टिक वितळून मधली पिन तिरकी होते. टेफ्लॉन ही उष्णता सहज सोसते.

जोडणी अशी: आधी फिरती रिंग केबलवर चढवा (हे विसरणारे अनेक!). बाहेरचे आवरण २८ मिमी काढा, टोकाची १६ मिमी मधली तार उघडी करा. मधल्या तारेभोवतीची तारांची जाळी एक-दोन मिमी मागे छाटून तिला पातळ झाळ द्या, मग बॉडी फिरवत बसवा. १०० वॅटची जाड टोकाची इस्त्री हवी. २५ वॅटची वापरली तर झाळ वरवर बसते आणि पुढे सांधा सुटतो. शेवटी मल्टिमीटरने पिन आणि बॉडीमध्ये शॉर्ट नाही ना, ते पाहा. जाळीचा एखादा सुटा तंतू पुरतो.

आरजी-५८ या बारीक केबलला मात्र रिड्यूसर (केबल घट्ट बसवणारी आतली नळी) लागेल.

एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) आणि दोन मीटर (सुमारे १४५ मेगाहर्ट्झ) बँडवर कनेक्टर उत्तम. ४३५ मेगाहर्ट्झला घेऊ नका: याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ५० ओहमवर स्थिर राहत नाही. शिवाय याला पाणी रोखणारी गॅसकेट नाही, गच्चीवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळावीच लागते. अशा ठिकाणी एन-टाइप हा दुसरा कनेक्टरच घ्या, पण ५० ओहमचाच. ७५ ओहमवाल्याची पिन बारीक असते.