बोटीच्या तळाचा झिजणारा रंग: दोन वर्षं वापरल्यानंतर

पहिल्या वर्षाच्या शेवटी बोट पाण्याबाहेर काढली, तेव्हा तळावरच्या काळ्या रंगाखालून जागोजाग लाल दिसत होता. धाकटा भाऊ घाबरलाच. "ताई, रंग गेला की सगळा!" मला मात्र ते लाल पट्टे बघून फार बरं वाटलं. हा रंग जायलाच हवा असतो. तो नेमका कुठून किती गेला ते कळावं म्हणूनच मी पहिला हात लाल दिला होता आणि वरचे दोन काळे.

बोट फायबरची आहे, आत डिझेल इंजिन. बारा महिने खाऱ्या पाण्यात असते, वर्षातून एकदा वर निघते. आधीची नऊ वर्षं आम्ही तळाला कडक प्रकारचा तांब्याचा रंग लावत होतो. त्यातलं तांबं हळूहळू पाण्यात उतरतं आणि रंगाचा रिकामा सांगाडा तळावर तसाच राहतो. त्यावर पुढच्या वर्षी नवा हात, पुन्हा सांगाडा, पुन्हा हात. शेवटी नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, जुन्या भिंतीच्या गिलाव्यासारखे पापुद्रे सुटायला लागले. ते सगळं खरवडायला आम्हा दोघांना अकरा दिवस लागले. दिवसभर हात डोक्याच्या वर धरून काम. तेव्हाच ठरवलं, आता साठत जाणारा रंग नको.

झिजणाऱ्या रंगाची गंमत अशी की खाऱ्या पाण्याशी संयोग होऊन त्याचा सगळ्यात वरचा पातळ थर विरघळत जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. त्यातलं क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग, शेवाळाला आणि बार्नॅकलच्या (तळाला घट्ट चिकटणाऱ्या कवचवाल्या जिवांच्या) पिल्लांना तळाशी चिकटू देत नाही. बोट चालली की वाहत्या पाण्याने हे काम आणखी नीट होतं. पूर्वी अशाच झिजणाऱ्या रंगांत कथिलाचं एक संयुग असायचं, ट्रायब्युटिल टिन. ते इतकं जहाल होतं की फ्रान्समधल्या आर्काशाँच्या खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी वाढू लागली. १९८२ साली फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींना ते लावायला बंदी केली. जगभरासाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. तांबं त्या मानाने सौम्य, पण तेही विषच आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारत ओल्या पॉलिश पेपरने घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा आणि पडलेला गाळ भरून नीट विल्हेवाटीला द्या. तो पुन्हा त्याच पाण्यात लोटायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

माप काढायला मी साधा हिशोब केला. पाण्यातली लांबी ७ मीटर, रुंदी २.४ आणि बुडणारी खोली ०.६. रुंदी आणि खोलीची बेरीज गुणिले लांबी, म्हणजे २१ चौरस मीटर. डब्यावर लिटरला ९ चौरस मीटर लिहिलं होतं. तीन हातांना ७ लिटर लागतात, मी साडेसात घेतला: अडीच लाल, पाच काळा. उरलेल्या काळ्याचा जादा हात पाणरेषेच्या पट्ट्यावर, नाळेच्या धारेवर आणि सुकाणूच्या पुढच्या कडेवर दिला. लाल सगळ्यात आधी तिथेच दिसला, तेव्हा पुढच्या वेळी तिथे दोन जादा हात देणार.

डबा उघडला की वर पातळ तेलकट रंग आणि तळाशी ओल्या वाळूसारखा जड गोळा. तो गोळा म्हणजेच तांबं. चपट्या काठीने तळापासून पंधरा मिनिटं ढवळला, तेव्हा रंग एकजीव झाला. ट्रेमध्ये ओतल्यावरही तो पुन्हा खाली बसतो, म्हणून मधून मधून ढवळत राहावं लागतं. इथे घाई केली तर अर्ध्या बोटीला तांबं आणि अर्ध्या बोटीला नुसता रंग मिळतो. डब्यावर दोन गोष्टी नक्की वाचा: दोन हातांमध्ये किती तास जाऊ द्यायचे आणि शेवटच्या हातानंतर किती दिवसांत बोट पाण्यात उतरवायची.

आता निकाल. पहिल्या वर्षी तळावर फक्त बुळबुळीत थर होता, मऊ फडक्याने निघाला. बार्नॅकल सापडले ते चारच चौकोनांत, जिथे बोट टेकूंवर उभी होती. बोट वर काढतात त्या यार्डातल्या माणसांनी टेकू सरकवून दिले नव्हते आणि त्याखाली रंगच लागला नव्हता. त्या चार चौकोनांनी मला रंगाची खरी परीक्षा दाखवली: बिनरंगाच्या जागी बोटाच्या पेराएवढे जाड थर, आणि कडेला टेप लावल्यासारखी सरळ रेघ. इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर वर्षाच्या शेवटीही सहा नॉटचा (तासाला सहा सागरी मैलांचा) वेग देत होतं. कडक रंग असताना तेवढ्याच फेऱ्यांवर पाचच्या वर जात नसे.

दुसऱ्या वर्षी घरच्या आजारपणात बोट चार महिने जागची हलली नाही. या वेळी मागच्या बाजूला, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या भागात, हिरवं शेवाळ वीतभर लांब आणि मधून बारीक बार्नॅकल. दोष रंगाचा नाही, पण हे सांगायलाच हवं: ज्यांची बोट बहुतेक वेळ बांधूनच असते, त्यांना याचा पुरा फायदा मिळणार नाही.

आणखी एक त्रास म्हणजे हा रंग हाताला, दोरीला, कपड्याला लागतो. पाण्यात उतरून कडक ब्रशने घासलं तर काळा ढग उठतो आणि महिन्याभराचा रंग दहा मिनिटांत निघून जातो. मऊ फडकंच वापरा.

अॅल्युमिनियमच्या बोटीला तांब्याचा रंग लावू नका, धातू कुरतडला जातो. खोली मोजणाऱ्या सेन्सरवरही नको, त्याला वेगळा रंग मिळतो. आणि पंखा फिरवणाऱ्या शाफ्टवरचा जस्ताचा ॲनोड, म्हणजे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा तुकडा, कोराच ठेवा. पहिल्या वेळी मदतीला आलेल्या माणसाने सवयीने त्यावरही रोलर फिरवला. वर्षाने बघितलं तर ॲनोड नव्यासारखा आणि पितळेच्या पंख्याच्या कडा गुलाबी पडलेल्या. ॲनोडने झिजायचं ते झिजला नाही, म्हणून पंख्यातलं जस्त निघून गेलं होतं. पंखा बदलावा लागला. तेव्हापासून रंग लावायच्या आधी मी स्वतः ॲनोडवर मास्किंग टेप गुंडाळते, आणि बोट उतरवायच्या दिवशी ती माझ्याच हाताने काढते.

तिसऱ्या वर्षासाठी तोच रंग घेतला आहे. लाल या वेळी एकच लिटर लागेल, कारण खालचा थर अजून शाबूत आहे. पेपर फक्त हलकासा मारायचा आहे, खरवडणं नाही. यार्डाला आधीच सांगून ठेवलंय की दुसऱ्या दिवशी टेकू एक हात पुढे सरकवायला माणसं हवीत.