पोटाच्या कॅन्सरमध्ये 'आधार' देणाऱ्या बाईनं मला २,२३,९०० रुपयांना बुडवलं

आकडे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे लाजेनं हात आखडेल. नोंदणी १,५०० रुपये. 'सोबत' नावाची तीन महिन्यांची योजना १२,८००. परदेशी डॉक्टरांचं मत ३४,६००. इंजेक्शनसाठी आगाऊ १,७५,०००. एकूण २,२३,९००. आजपर्यंत एक रुपया परत आलेला नाही.

मी भोळीभाबडी नाही. २१ वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत. पण तेव्हा बायॉप्सीचा रिपोर्ट हातात येऊन चारच दिवस झाले होते. अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे जठराच्या अस्तरातला कॅन्सर. हा शब्द वाचल्यावर पुढच्या ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या सरकतात. आधी चार केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार, असं ठरलं होतं. दिवसा घरचे सोबत असायचे. रात्री अडीचला मात्र मी एकटी. जिचं जठर काढलंय आणि तरी जी जिवंत आहे, अशी एक बाई माझ्याशी बोलावी, एवढंच मला हवं होतं. 'मोफत मानसिक आधार' असा फॉर्म फोनवर दिसला, मी भरला. कोणता कॅन्सर, कितवी स्टेज, उपचार कुठे चाललेत, सगळं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. असे फॉर्म भरू नका. तुमच्या भीतीची पूर्ण फाइल तुम्ही त्यांच्या हातात देता.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पहिलंच वाक्य, "आज घास उतरला का गं?" घास अडकायला लागल्यापासून मला हे कुणीच विचारलं नव्हतं. जो तो विचारायचा, रिपोर्ट काय आला. मी फोनवरच रडले. तिचं पूर्ण जठर सात वर्षांपूर्वी काढलं म्हणाली. आठवडाभर रोज बोलली, पैशाचं नाव नाही. मग नोंदणी, मग योजना. पुढचं कसं चढत जातं ते तुम्हाला माहीत आहे.

जे मला झोपू देत नाही ते सांगते. एका दुपारी हॉस्पिटलमधल्या सिस्टरनी मला जवळ बसवून समजावलं होतं. पूर्ण जठर काढलं की बी-१२ अंगाला लागण्यासाठी जठरात जो घटक तयार होतो तो बंद होतो, म्हणून बी-१२ आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं, बहुधा इंजेक्शननं. मी वहीत लिहून घेतलं. त्याच रात्री त्या बाईला विचारलं, "ताई, तुम्ही बी-१२चं इंजेक्शन किती दिवसांनी घेता?" पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अगं, मी कसलंच इंजेक्शन घेत नाही. मन खंबीर ठेवायचं."

वही माझ्या मांडीवर उघडी होती. सिस्टरचं वाक्य माझ्याच अक्षरात समोर होतं. जठर नाही आणि सात वर्षं बी-१२ नाही, हे कसं शक्य आहे, हा साधा प्रश्न मला पडला नाही. उलट मला तिचा हेवा वाटला. वाटलं, आपणही अशा होऊ. फोन तिथेच ठेवला असता तर माझे १४,३०० गेले असते. बाकीचे २,०९,६०० त्या रात्रीनंतरचे आहेत.

ज्या इंजेक्शनसाठी तिनं १,७५,००० आगाऊ मागितले, त्याचं तर सरळ सरळ दिसत होतं. ते फक्त हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या गाठींवर चालतं, आणि अशा गाठी साधारण पाचात एखाद्याच्या असतात. माझी तपासणी व्हायची होती. तरी ती म्हणाली, "तुझं नाव यादीत घातलंय, आज संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर जागा जाईल. ऑपरेशनच टळेल गं." खातं एका व्यक्तीच्या नावाचं. का, विचारलं तर संस्थेचं खातं ऑडिटमुळे बंद आहे म्हणे. ऑडिटमुळे खातं बंद होत नाही, हे मी तापातही सांगेन. तरी पाठवले. ऑपरेशन टळेल, हे ऐकल्यावर मी हिशेबनीस उरले नव्हते. पाच दिवसांनी हर-टूचा रिपोर्ट आला, स्कोअर १+, म्हणजे निगेटिव्ह. तिला कळवलं आणि तिचा नंबर बंद.

नऊ दिवस घरात बोलले नाही. ही माझी दुसरी चूक, आणि पैसे परत न मिळण्याचं कारण हीच. तुम्ही तास नाही, मिनिटं मोजा. आधी बँकेला फोन, रडणं नंतर.

पण उशिरा गेलं म्हणून माणसाला असं वागवायचं? बँकेत म्हणाले, ओटीपी तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. पोलिसांनी विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग फसवणूक कशी?" वर म्हणाले, हा औषधांचा विषय आहे, आरोग्य खात्याकडे जा. आरोग्य खात्यात सांगितलं, ती डॉक्टर नाही, म्हणजे आमच्या अखत्यारीत येत नाही. डॉक्टर असती तर मी तक्रार कशाला केली असती! पोलिसांकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा केमोचा पंप लावलेला होता. एक औषध २४ तास थेंबथेंब जातं, त्याची बाटली कमरेच्या पिशवीत आणि नळी छातीपर्यंत. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "ते काय आहे, रेकॉर्डिंग करताय का?" मी ब्लाउजचं वरचं बटण काढून पोर्टवरची (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीवरची) पट्टी दाखवली. त्यानं नजर वळवली आणि म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. दीड तास उभी होते, खुर्ची कुणी दिली नाही. तक्रार घेतली ती चौथ्या खेपेला, तीही 'गैरसमजातून व्यवहार' असं लिहून. मी सही केली नाही. शब्द बदलायला लावले. तुम्हीही वाचल्याशिवाय सही करू नका, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

ऑपरेशन टळेल असं सांगणारा कुणीही असो, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रिपोर्टचे फोटो कुणाला पाठवू नका, माझे अजून तिच्याकडे आहेत.

खरा आधार मला केमोच्या वॉर्डात शेजारच्या खुर्चीवर भेटला. तिचं जठर खरंच काढलंय. सहा-सात वेळा थोडं थोडं खाते, गोड खाल्लं की घाम फुटून धडधडतं, म्हणून खाल्ल्यावर जरा आडवी होते, आणि बी-१२ची तारीख तिला तोंडपाठ आहे. वजन किती उतरलं, कोणत्या दिवशी रडली, सगळं सांगते. माझा फोन नंबरसुद्धा तिनं तिसऱ्या भेटीत मागितला. अशी माणसं शोधायची तर वॉर्डातल्या सिस्टरला, आहारतज्ज्ञांना विचारा. मी विचारलं नव्हतं, कारण मला लाज वाटत होती.

मागच्या आठवड्यात तिलाही एक फोन आला. नाव वेगळं, नंबर वेगळा. आवाज मृदू, आणि पहिलंच वाक्य, "आज घास उतरला का गं?" तिनं फोन माझ्या कानाला लावला. तोच आवाज. तो नंबर मी त्याच दुपारी तक्रारीला जोडायला नेऊन दिला. अजून कुणी तो तपासायला घेतलेला नाही.