ठाण्याचे ‘शाआर हाशामाईम’: जिथे दहा माणसे जमतात

ज्या सेवेचे परीक्षण मी येथे लिहीत आहे ती विकत मिळत नाही, आणि तरीही ती कुठे नीट मिळते व कुठे मिळेनाशी झाली आहे हे आमच्या समाजातील प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. माझी आई गेली तेव्हा तिच्यासाठी अकरा महिने कद्दीश म्हणण्याची जबाबदारी माझ्यावर आली. कद्दीश ही प्रार्थना अरामी भाषेत आहे. तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ देवाच्या नावाचा गौरव आहे. परंतु ती एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुषांचे मिन्यान भरावे लागते. आमच्या कोकणातील गावी प्रार्थनालय आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली सांभाळणारे घर आहे, वर्षातून काही सणांना मुंबईहून माणसे येतात तेव्हा दिवेही लागतात. पण साध्या शनिवारी दहा माणसे कुठून आणायची? म्हणून मी त्या वर्षापुरते ठाण्यात भाड्याने घर घेतले, आणि ते घेताना एकच अट पाहिली : टेंभी नाक्याजवळच्या शाआर हाशामाईम प्रार्थनालयापर्यंत चालत जाता आले पाहिजे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहन वापरायचे नाही असे ज्यांनी ठरवले आहे त्यांच्यासाठी ही अट भाड्याच्या रकमेहून मोठी ठरते.

हे प्रार्थनालय 1879 साली उभे राहिले. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’. स्वप्नातून जागा झालेला याकोब उत्पत्तीच्या पुस्तकात जे उद्गार काढतो त्यांतून ते घेतलेले आहे. मुंबईतील 1796 सालचे शाआर हारहामीम, जे टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले, हे आमच्या समाजाचे पहिले प्रार्थनालय. त्या मानाने ठाण्याचे पुष्कळ तरुण. भायखळ्याच्या किंवा पुण्याच्या ससून घराण्याने बांधलेल्या वास्तूंसारखा उंच मनोरा पाहण्याच्या अपेक्षेने कोणी येथे आले तर त्यांची निराशा होईल. वास्तुकलेचा आनंद घ्यायचा असेल तर पुण्याचे लाल देऊळ पाहावे, जे 1867 साली पूर्ण झाले आणि ज्याचा विटांचा मनोरा दुरूनच दिसतो. ठाण्याला यावे ते माणसांसाठी.

पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी मी दाराच्या चौकटीवरील मेझुझाला (पवित्र वचने ठेवलेल्या डबीला) हात लावून आत शिरलो, तेव्हा एका वृद्ध काकांनी मला जागा करून दिली आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारला, “कोणासाठी?” मी म्हटले, “आईसाठी.” त्यांनी मान हलवली, प्रार्थनेचे पुस्तक उघडून नेमके पान माझ्यासमोर धरले आणि कद्दीश आले तेव्हा माझ्या बाजूला उभे राहिले, कारण पहिल्या वेळी आवाज फुटत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत होते. कोणत्याही संस्थेचे स्वागत मी यापुढे याच मापाने मोजणार आहे.

आठवड्याची घडी अशी असते. शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास शब्बाथचे स्वागत होते, शनिवारी सकाळी मुख्य प्रार्थना होते आणि रात्री तारे दिसू लागल्यावर हव्दाला या विधीने शब्बाथला निरोप दिला जातो. सूर्यास्ताची वेळ ऋतूप्रमाणे सरकत असल्यामुळे प्रार्थनेची वेळही सरकते. नव्याने येणाऱ्याने ती आधी विचारून घ्यावी. शनिवारी सकाळी हेखालाचे, म्हणजे पवित्र कपाटाचे, दार उघडते, सेफेर तोरा (मोशेच्या पाच पुस्तकांची हस्तलिखित गुंडाळी) बाहेर येते, तिच्या मार्गावरचे सारे उभे राहतात आणि तेबावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, ती उलगडली जाते. एका वर्षात संपूर्ण तोरा वाचून व्हावी म्हणून तिचे 54 भाग पाडलेले आहेत, आणि त्या आठवड्याच्या भागासाठी सात जणांना क्रमाने वर बोलावले जाते. आमच्याकडे बहुतेक प्रार्थनालयांत रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नसतो. हझ्झान प्रार्थना चालवतो. त्याचा हिब्रू स्वर चढतो, मागून लोकांचा प्रतिसाद येतो, आणि ज्याला अक्षर कळत नाही त्यालाही चालीवरून कळते की आता बसायचे आहे की उठायचे.

प्रार्थना संपल्यावर जे घडते ते मला सर्वांत प्रिय आहे. त्याला आम्ही हातबोशी म्हणतो. शेजारच्याच्या हाताला आपल्या दोन्ही हातांनी स्पर्श करायचा आणि मग आपली बोटे ओठांना लावायची. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. वयाने मोठा असलेला लहानाकडे वळतो, लहान मोठ्याकडे धावतो, आणि थोड्याच वेळात सगळ्या सभागृहाने एकमेकांना स्पर्श केलेला असतो. ज्या माणसाशी आठवडाभर बोलणे झाले नाही, किंवा ज्याच्याशी मागच्या आठवड्यात मतभेद झाला होता, त्याचाही हात हातात येतोच. ही रीत मला जगातील इतर यहुद्यांमध्ये फारशी ऐकू आली नाही. कोचीनच्या यहुद्यांत मात्र ती आहे. ‘शब्बाथ शालोम’ हे शब्द नंतर येतात, हात आधी.

मग किद्दुश, म्हणजे द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेला शरबत हाच आमचा द्राक्षरस; कोकणात द्राक्षाची दारू कुठून मिळणार होती? आईने तो घरी कसा करावा हे मला कधी शिकवले नाही, आणि मी विचारलेही नाही. येथे पेल्यात तो गडद तांबूस रंग दिसला की आमच्या घरातील शुक्रवार समोर उभा राहतो. माझी पत्नी स्त्रियांच्या बाजूला बसते. तिच्या सांगण्याप्रमाणे खरी शाळा तिथे भरते : नारळाच्या दुधातली कढी मटणाबरोबर का चालते (दूध आणि मांस एकत्र करायचे नाही, नारळाचे दूध मात्र दूध नव्हे), गव्हाच्या चिकाचा हलवा किती वेळ आटवायचा, सांधणे फुगली नाहीत तर काय चुकले, हे सारे तिथे कळते. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण चिकाचा हलवा तिला पहिल्यांदा मनासारखा जमला तो ठाण्यात, नव्या वर्षाच्या सणाला.

सणांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्यांची मराठी नावे आता वृद्धांच्याच तोंडी उरली आहेत आणि तरुण मंडळी सरसकट हिब्रू नावे घेतात. यॉम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमचे पूर्वज दरफाळणीचा सण म्हणत, म्हणजे दारे बंद करून घेण्याचा. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा. पुरीमला, म्हणजे एस्तेर राणीच्या कथेतील सुटकेच्या सणाला, होळीचा सण म्हणत, आणि त्या दिवशी पुरणपोळी होत असे. तिशा बेआवचा, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाच्या स्मरणाचा, उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण तो बिरड्याच्या जेवणाने सुटे. या नावांत आमचे सारे कोकण आहे : शेजारची होळी, शेजाऱ्यांचा रोजा, आणि आमच्या दारात शनिवारी न फिरणारा तेलाचा घाणा, ज्यामुळे लोक आम्हाला शनवार तेली म्हणू लागले. दरफाळणीला पांढरी वस्त्रे घातलेली माणसे दिवसभर उपाशी उभी असतात, आणि शेवटी शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य, वाजतो तेव्हा मागच्या रांगेतील लहान मुलेही दचकून गप्प होतात. ज्यांना वर्षातून एकदाच यायचे आहे त्यांनी याच दिवशी यावे, मात्र लवकर यावे.

मिन्यानच्या बाबतीत मी एक प्रसंग सांगतो. जुलैतील एका शनिवारी पहाटेपासून पाऊस कोसळत होता, रस्त्यावर पाणी होते, आणि प्रार्थनेच्या वेळी आम्ही आत मोजके होतो. आमच्यात माणसांना आकडा लावून मोजत नाहीत. स्तोत्रसंहितेत दहा हिब्रू शब्दांचे एक वचन आहे, “तुझ्या लोकांचे तारण कर” अशा अर्थाने सुरू होणारे. त्यातला एकेक शब्द एकेका माणसाकडे पाहून म्हणायचा. काकांनी वचन म्हणायला सुरुवात केली आणि ते नवव्या शब्दावर थांबले. कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. नऊही जण बसून स्तोत्रे म्हणत राहिलो. बऱ्याच वेळाने दारात छत्री मिटण्याचा आवाज झाला, गुडघ्यापर्यंत भिजलेले एक गृहस्थ आत आले, आणि काकांनी त्यांच्याकडे पाहून तो उरलेला शब्द उच्चारला. त्या गृहस्थांच्या घरी त्या वर्षी कोणी वारले नव्हते. ते माझ्यासाठी आले होते असे म्हणणे धाडसाचे होईल, पण त्यांच्या येण्यावाचून मला त्या दिवशी आईचे कद्दीश म्हणता आले नसते हे खरे आहे.

1948 नंतर आमचा बहुसंख्य समाज इस्राएलला गेला. आज साऱ्या देशात आम्ही पाच हजारही नाही, आणि महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये आम्हाला अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला तेव्हा अनेक मराठी माणसांना आम्ही येथे आहोत हे पहिल्यांदा कळले. ज्या काळात कोकणातील प्रार्थनालये सणापुरती उघडतात, त्या काळात एका चालत्या, रोजच्या वस्तीतील प्रार्थनालयाचे मोल मी अधिक काय सांगू?

पाहुण्यांसाठी काही सूचना. बाहेरच्यांनी आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि दारावरील चौकशी शांतपणे होऊ द्यावी. मुंबईवरील 2008 च्या हल्ल्यानंतर ही काळजी आमच्या साऱ्या स्थळी घ्यावी लागते. पुरुषांनी डोके झाकावे, आणि शब्बाथला दूरध्वनी बंद ठेवून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, भेट म्हणूनही नाही. माझी स्वतःची एक अपेक्षा आहे आणि ती या एका ठिकाणापुरती नसून आपल्या सर्वच प्रार्थनालयांकडून आहे : त्या आठवड्याच्या तोरापाठाचा सारांश पाच मिनिटे तरी शुद्ध मराठीत सांगितला जावा. आमच्या पूर्वजांनी 1846 सालीच मुंबईत वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली, पुढे हिब्रू कथांवर मराठीतून कीर्तने केली. मुले इंग्रजी शाळांत जातात म्हणून तो धागा सोडून देणे मला पटत नाही.

अकरा महिने पूर्ण झाल्यावर आम्ही आईच्या नावाने मलिदा ठेवला, म्हणजे गोड पोहे आणि फळांवर आशीर्वाद म्हणण्याचा आमचा विधी केला. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची, सुकामेवा. ताटाभोवती पाच प्रकारची फळे, खजूर आणि सब्ज्याची डहाळी. एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, गीत सर्वांनी म्हटले, तोच एलियाहू, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर उमटली अशी आमची श्रद्धा आहे. प्रत्येक फळाचा आशीर्वाद वेगळा म्हटला गेला, डहाळी हातोहात फिरली, आणि प्रत्येकाने तिचा वास घेऊन ती पुढे दिली. आईला सब्ज्याचा वास फार आवडत असे.

भाड्याच्या घराचा करार आम्ही आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. मागच्या महिन्यात एक तरुण मुलगा वडिलांसाठी कद्दीश म्हणू लागला आहे. मागच्या रांगेत माझ्या शेजारीच बसतो, आणि पान अजून त्याला सापडत नाही.