आमच्या विद्यापीठाची सुरक्षा पाहणी आणि गौरव योजना : स्टोअर सांभाळणाऱ्या बाईचं मत

मी विदर्भातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र विभागाचं स्टोअर सांभाळते. इंडेंट (मागणीपत्रं) घ्यायचे, बाटल्या काढून द्यायच्या, ब्रेकेज म्हणजे फुटतूट लिहायची, वर्षअखेरीला डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, जुळवायचं, हे माझं काम. आमच्या विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाने प्रयोगशाळांची पाहणी करून ४ मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, चांगलं काम करणाऱ्यांचा गौरव करायची पद्धत सुरू केली आहे. आजूबाजूच्या कॉलेजांतले लॅब असिस्टंट फोन करून विचारतात, "ताई, त्यात खरंच काही होतं का, की नुसतं शाल-श्रीफळ?" एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

खरंच होतं. मुख्य कारण एवढंच की ही योजना 'वर्षभरात एकही अपघात नाही' म्हणून कुणालाच बक्षीस देत नाही. मोठ्या कारखान्यांच्या फाटकाशी बोर्ड असतो, शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले म्हणून. तो आकडा विद्यापीठात बक्षिसाला लावला तर काय होईल, हे प्रॅक्टिकलला उभं राहिलेल्या कुणालाही सांगता येईल. बुचात काचेची नळी घालताना ती मोडून तळहातात घुसली, तर मुलगा हाताला रुमाल गुंडाळून गुपचूप खोलीवर जाईल. आपल्यामुळे सरांच्या लॅबचं बक्षीस जाऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात असेल. आमच्याकडे उलट आहे. थोडक्यात टळलेला अपघात जी लॅब लिहून कळवते तिला गुण मिळतात, आणि कळवल्यानंतर तिथे काय बदललं याला त्याहून जास्त गुण. नोंदीखाली नाव लिहायची सक्ती नाही. नोंद केली म्हणून कुणाची चौकशी लावायची नाही, असं परिपत्रक कुलसचिवांच्या सहीने निघालेलं आहे. ते मी स्टोअरच्या दारावर लावून ठेवलं आहे, कारण मुलं सूचना फलक वाचत नाहीत, पण बाटली घ्यायला माझ्या दारात उभी राहतातच.

एक नोंद नीट सांगते. एम.एस्सी.च्या एका मुलीने फ्लास्क अॅसिटोनने विसळून तो द्रव फ्यूम हूडमधल्या (वायू बाहेर खेचणाऱ्या, पुढे काच असलेल्या कपाटातल्या) वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ रसायनांच्या, बाटलीत ओतला आणि झाकण लावलं. त्या बाटलीत आधी कुणीतरी उरलेलं नायट्रिक अॅसिड टाकलं होतं. नायट्रिक अॅसिड आणि अॅसिटोन किंवा अल्कोहोल एकत्र आले की कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने वायू तयार व्हायला लागतो, आणि घट्ट झाकणाची बाटली फुटते. तिला बारीक सूं असा आवाज आला. बाटलीच्या गळ्याशी तपकिरी धूर दिसला. तिने बाटलीला हात लावला नाही. हूडची काच पूर्ण खाली ओढली, सगळ्यांना व्हरांड्यात काढलं आणि सरांना बोलावून आणलं. थोड्या वेळाने झाकण उडालं, हूडच्या आतल्या भिंतीवर शिंतोडे उडाले. बाहेर कुणाला काहीही झालं नाही.

पूर्वी असं काही झालं असतं तर हूड पुसून घेतलं असतं, मुलीला दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. या वेळी तिने अर्धं पान लिहून दिलं आणि त्याच आठवड्यात समिती येऊन उभी राहिली. तपासात निघालं ते फार साधं होतं. अॅसिडचा वेस्ट आणि सॉल्व्हंटचा (अॅसिटोनसारख्या विरघळवणाऱ्या द्रवांचा) वेस्ट, दोन्हींसाठी अडीच लिटरच्या एकसारख्या रिकाम्या बाटल्या वापरल्या जात होत्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या. वरची कागदी लेबलं सॉल्व्हंटच्या ओघळांनी पुसून गेलेली. आता नायट्रिकचा वेस्ट वेगळ्या बाटलीत, वेगळ्या ट्रेमध्ये आणि वेगळ्या हूडमध्ये जातो. वायू बाहेर जाऊ देणारी झाकणं मागवली, त्याचा इंडेंट माझ्याच हातून गेला. बाटलीत काय टाकलं आणि कधी टाकलं, हे लिहायचा तक्ता बाटलीच्याच गळ्याला बांधलेला असतो. ४ मार्चच्या कार्यक्रमात त्या मुलीला व्यासपीठावर बोलावून तिची नोंद शब्दशः वाचून दाखवली. त्यानंतर माझ्याकडे नोंदीचे कोरे फॉर्म मागायला येणाऱ्यांत पहिल्या वर्षाची मुलंही दिसायला लागली. या योजनेची किंमत मी त्यावरून करते.

पाहणी न सांगता होते. दुसऱ्या विभागाचे एक शिक्षक आणि एक तांत्रिक कर्मचारी अशी जोडी येते. फाईल सर्वांत शेवटी मागतात. आधी लॅबमधल्या सगळ्यात नव्या मुलाला विचारतात, "डोळ्यात काही उडालं तर कुठे जाशील?" आणि तो उत्तर देण्याआधी कुठे बघतो ते पाहतात. मग त्याला डोळे मिटून तिथपर्यंत चालायला लावतात. डोळे धुण्याचं साधन धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांच्या वाटेवर असावं आणि पाणी सलग १५ मिनिटं मिळावं, असं अमेरिकी झेड ३५८.१ हे मानक सांगतं. आमच्या पाहणीला तोच आधार आहे. वाटेत स्टूल, दप्तरं, नायट्रोजनचा न बांधलेला सिलेंडर असलं काही आलं की गुण कापले जातात. सिलेंडर साखळीने भिंतीला बांधलेला आहे का, हे हात लावून पाहतात. २०१८च्या डिसेंबरमध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्फोट होऊन एका संशोधकाचा जीव गेला. तेव्हापासून सिलेंडरच्या बाबतीत आमच्याकडे कुणी 'चालतं हो' म्हणत नाही.

त्रुटी लिहून ठेवून पाहणी संपत नाही, हे मला विशेष आवडलं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ला हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजने काढताना एका २३ वर्षांच्या संशोधन सहाय्यिकेच्या अंगावर सांडलं. अंगात अॅप्रन नव्हता, कृत्रिम धाग्याचं स्वेटर होतं. १८ दिवसांनी ती गेली. त्याच लॅबमध्ये लोक अॅप्रन घालत नाहीत, असं त्याआधी दोन महिने झालेल्या पाहणीत लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं आणि तसंच राहिलं. पुढे तिथल्या प्राध्यापकावर फौजदारी खटला दाखल झाला. आमच्या योजनेत पहिल्या फेरीचे गुण तात्पुरते असतात. दुसऱ्या फेरीत तीच त्रुटी दिसली तर दुप्पट कापतात, आणि त्या लॅबचे प्रमुख कितीही मोठे असले तरी तिचं नाव यादीत येत नाही. एका फार नावाजलेल्या गटाचं नाव असंच वगळलं गेलं. तेव्हा कुरबुर झाली, पण कक्ष हलला नाही. त्या दिवशी मला या योजनेचा खरा भरवसा वाटला.

आता आमच्या अटेंडंट भाऊंबद्दल. डोळे धुण्याचा नळ आठवड्यातून एकदा चालवून पाहायचा असतो, नाहीतर पाइपातला गंज आणि शेवाळ आधी डोळ्यात जायचं. भाऊ दर सोमवारी सकाळी, मुलं यायच्या आधी, खाली बादली ठेवून तो उघडतात, लाल पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत थांबतात आणि भिंतीवरच्या कार्डावर तारीख टाकून सही करतात. एका मे महिन्यात त्यांनी नुसतं पाणी पाहिलं नाही, त्यात हात धरला. हात मागे घ्यावा लागला. आमच्याकडे गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात कसं असतं, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. त्यांनी माझ्याकडून थर्मामीटर नेला, तर ४५च्या वर. हे पाणी १६ ते ३८ अंशांच्या मध्ये हवं. भाजलेल्या डोळ्यावर असलं पाणी कुणी १५ मिनिटं घेऊच शकणार नाही. इतक्या पाहण्या झाल्या होत्या, पण सगळ्या हिवाळ्यात आणि पावसाळ्यात, त्यामुळे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. भाऊंच्या एका ओळीच्या नोंदीवरून वरच्या मजल्यावर सावलीतल्या खोलीत छोटी वेगळी टाकी बसली, पाइपाला उष्णतारोधक वेष्टण झालं, आणि मे महिन्यात एक पाहणी कायमची ठरली. त्या वर्षीचा वैयक्तिक गौरव भाऊंना मिळाला. विभागाला मिळालेली रक्कम त्यांच्याच सूचनेवरून चष्म्यावर बसणाऱ्या गॉगलसाठी खर्च झाली, कारण चष्मा असलेली मुलं साधे गॉगल काढून ठेवतात. (रक्कम सुरक्षा साहित्यावरच खर्च करायची, असा नियम आहे. तो चांगला आहे.)

स्टोअरच्या दृष्टीने सगळ्यात मोठं काम झालं ते निर्लेखनात, म्हणजे जुन्या, निकामी वस्तू रजिस्टरमधून काढून टाकण्यात. याबद्दल फार कुणी बोलत नाही. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ निघाला होता. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, १९८५पासून पडून असलेलं गॅमा विकिरणाचं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. ते फोडताना किरणोत्सार झाला, एका कामगाराचा जीव गेला आणि आणखी काही जण गंभीर आजारी पडले. ज्यांचा विद्यापीठाशी कसलाही संबंध नव्हता, अशी ही माणसं. डेड स्टॉक रजिस्टर माझ्या हातात असतं, म्हणून ही बातमी मला कधी विसरता आली नाही. आमच्या योजनेत आता निर्लेखनाला स्वतंत्र गुण आहेत. लिलावाच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे 'आत काय आहे' हा रकाना भरावा लागतो: पारा, तेल, गॅस, किरणोत्सारी स्रोत, काही नाही. भरणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही वेगवेगळी. जुने मॅनोमीटर (दाब मोजायची उपकरणं) पाऱ्यासकट भंगारात जायचे ते यामुळे थांबले. जुन्या ईथरच्या बाटल्याही याच फेरीत सापडल्या. ईथर उघडून फार दिवस झाले की त्यात पेरॉक्साइड तयार होतं आणि झाकण फिरवताना स्फोट होऊ शकतो. त्या आम्ही न उघडता कक्षाच्या ताब्यात दिल्या. आता बाटली देतानाच मी उघडल्याची तारीख लिहायची पट्टी चिकटवून देते.

कमतरता आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली म्हणजे नोंदीचा फॉर्म फक्त इंग्रजीत आहे. भाऊंची ती एक ओळ मराठीत होती, ती मी इंग्रजी करून भरली. प्रत्येक विभागात असं कुणी असेलच असं नाही. दुसरी गोष्ट मला फार खटकते. सफाईच्या मावशी कंत्राटी आहेत, म्हणून त्या गौरवाला पात्र नाहीत. फुटलेली काच केराच्या डब्यात टाकली तर पहिला हात त्यांचा कापतो. काचेसाठी वेगळा पुठ्ठ्याचा खोका ठेवा, हे आमच्या मावशींनीच सुचवलं, आणि आज तो सगळ्या विभागांत आहे. व्यासपीठावर मात्र विभागाचं नाव घेतलं गेलं, त्यांचं नाही. मी हे कक्षाच्या बैठकीत बोलले आहे आणि पुन्हा बोलेन.

तिसरं, सुरक्षेत आरोग्यही येतं, पण गुणतक्त्यात ते जेमतेम आहे. आग, स्फोट, भाजणं हे सगळं चटकन दिसतं. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात फॉर्मॅलिनच्या बरण्या उघडल्या की डोळे चुरचुरतात, तिथल्या अटेंडंटची उभी नोकरी त्या वासात गेली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत २००४मध्येच गणलं आहे. तिथे पंखा आहे, हवा बाहेर खेचणारी सोय नाही, तरी पाहणीत त्या खोलीचे गुण कापले जात नाहीत, कारण तक्त्यात तसा प्रश्नच नाही. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर सॉल्व्हंटच्या पेट्या उचलून नेणाऱ्यांच्या पाठीबद्दलही एक प्रश्न हवा. रात्री एकट्याने काम करणाऱ्या पीएच.डी.च्या मुलांसाठी नियम आहे, पण तो पाळला जातो का हे पाहायला रात्री कुणी येत नाही.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो मावशींसाठी.

ज्यांना आपल्या कॉलेजात हे सुरू करायचं आहे, त्यांनी निधीची वाट पाहू नये. टळलेल्या अपघातांची वही, 'चौकशी लागणार नाही' असं प्राचार्यांच्या सहीचं पत्र, आणि दुसऱ्या विभागातून न सांगता येणारी दोन माणसं, एवढ्यावर काम सुरू होतं. पहिली पाहणी मे महिन्यात घ्या. वही मराठीत ठेवा आणि ती लॅबमध्ये ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको. आमच्या फॉर्मचा मराठी मसुदा मी केला आहे आणि कक्षाकडे दिला आहे. कुणाला हवा असेल तर खाली लिहा, पाठवते.