पीएचडी संपली, वॉर्ड अजून लांब: मधले महिने लॅबला की ओपीडीला?

अमेरिकेत एमडी-पीएचडी (डॉक्टरकी आणि संशोधन अशी जोडपदवी) करणारे साधारण दोन वर्षं वैद्यकीय शिकून संशोधनाकडे वळतात आणि चारेक वर्षांनी परततात. डिफेन्स (प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा) जानेवारीत, क्लिनिकल रोटेशन (वॉर्डातलं प्रशिक्षण) मे-जूनमध्ये, अशी फट पडली तर?

लॅबमध्येच थांबणं सोपं. गाइडकडे निधी असेल तर पगार चालू राहतो, रखडलेला पेपर मार्गी लागतो. रिव्ह्यूअरने मागितलेले जादा प्रयोग पुढे वॉर्डातल्या ड्यूट्या सांभाळून कोण करणार? धोका एवढाच, की ‘हा एक वेस्टर्न ब्लॉट झाला की निघतो’ म्हणता म्हणता रोटेशन उजाडतं.

ओपीडीत कुणा सीनियर डॉक्टरांच्या मागे बसलं तर पैसे शून्य. पण इतकी वर्षं उंदरांच्या संगतीत काढलेल्याला हिस्ट्री घेणं, मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ओळखणं, दोन मिनिटांत केस मांडणं पुन्हा अंगवळणी पाडावं लागतं. ते वाचून येत नाही. त्यात स्टेप वन (तिथली डॉक्टरी परवान्याची पहिली परीक्षा) २०२२ पासून नुसती पास-नापास, म्हणजे वॉर्डातल्या शेऱ्यांना वजन आलं.

माझ्या मते पेपर अर्धवट असेल तर आधी लॅब, पण शेवटचा दीड महिना ओपीडीचाच. पेपर छापून आला असेल, तर सरळ ओपीडी गाठा. (आणि मध्ये पंधरा दिवस घरी जाऊन झोपा.)